दुसरा गाईड

अर्थशास्त्र विभागात त्यांना पाठीमागे सगळे 'मगकाय' म्हणत. तोंडावर अर्थातच सर. कुणी संशोधक विद्यार्थी फळ्यापुढे उभा राहून आपलं काम मांडू लागला, की पहिल्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेले सर चष्मा कपाळावर ढकलत आणि विचारत, "बरं. मग काय?"

प्रश्न वाईट नव्हता. अर्थशास्त्रात याच्याइतका कामाचा प्रश्न शोधून सापडणार नाही. अमुक ठिकाणी तमुक वस्तूचा भाव वाढला हे तुम्ही शोधून काढलंत, ठीक आहे, पण त्यातून आम्हाला नवं काय कळलं? एवढंच सरांना विचारायचं असे. पण प्रश्नालाही काळवेळ असते. जेवायला बसलेल्याला पहिल्याच घासाला 'पोट भरलं का' असं विचारू नये. सर पहिल्याच घासाला विचारत.

सर म्हणजे किमतींच्या सिद्धांतातलं मोठं नाव. दुकानदार भाव कधी बदलतो आणि कधी बदलायचा टाळतो, यावर त्यांनी तरुणपणी मांडलेलं मॉडेल अजून शिकवलं जात होतं. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. मिळावी म्हणून एके काळी मुलं रांग लावत. अलीकडे रांग आटली होती. एक मुलगी अर्ध्यातून कंपनीत निघून गेली. एकाने विषय बदलला आणि शेजारच्या इमारतीत संख्याशास्त्राकडे गेला. तिसरा एक उंच मुलगा होता, हुशार पण अबोल. सर एकदा बोलता बोलता त्याला म्हणाले होते, "यात व्यापाऱ्यांचं संगनमत दिसतंय, ते शोध." त्याने दोन वर्षं ते शोधलं. सापडलं नाही, कारण नव्हतंच. एके दिवशी त्याने ग्रंथालयाची पुस्तकं परत केली आणि तो दिसेनासा झाला. तो का गेला हे कुणी सरांना सांगितलं नाही. सरांनीही विचारलं नाही.

उरली होती एकच. तिला सगळे 'पाववाली' म्हणत, आणि ते मात्र तोंडावर.

पाववाली इतर विद्यार्थ्यांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी होती. आधी वजनमाप खात्यात निरीक्षक होती. दुकानांतले काटे तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, हे तिचं काम. बिनपगारी रजा घेऊन ती संशोधनाला आली होती. नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरी सासूबाई आणि एक लहान मुलगी. तिचा विषय होता बेकऱ्या. पीठ महागलं तरी पावाची किंमत तीच राहते आणि पाव मात्र हलका होत जातो, हे तिला खात्यात असतानाच दिसलं होतं. दर सोमवारी ती शहराच्या निरनिराळ्या भागांतल्या बेकऱ्यांतून पाव विकत घेई, विभागाच्या मागच्या खोलीत एकेक पाव काट्यावर ठेवी, पट्टीशेजारी ठेवून त्याचा फोटो काढी, आणि काम झालं की पाव टेबलावर सोडून देई. मग चहाच्या वेळी पोरं विचारत, "ताई, डेटा आला का?" आणि डेटा लोण्याबरोबर संपून जाई. तिच्या संशोधनावर विभागातली निम्मी मुलं पोसली गेली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या वर्षी तिचा शेवटून दुसरा सेमिनार होता. प्रबंध देण्याआधी सगळ्या विभागापुढे उभं राहून काम मांडायचं, आणि नोकरीच्या मुलाखतींचीही तयारी त्यातच करायची, अशी तिथली पद्धत. पाववालीने पहिली आकृती दाखवली. दुसरी दाखवली.

"बरं," सर म्हणाले. "मग काय?"

तिने उत्तर दिलं. उत्तर चांगलं होतं, पण लांब होतं. सरांनी मध्येच हात वर केला. "हे सगळं ठीक. पण मग काय?"

"मी तिथेच येतेय, सर. तिसऱ्या प्रकरणात एक गोष्ट आहे, ती मला नीट..."

"प्रकरणं मोजू नकोस. एका वाक्यात सांग. मग काय?"

पाववालीने पडद्यावरची आकृती बंद केली. मग म्हणाली, "माहीत नाही, सर." तिने लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली, पिशवीत घातली आणि दार हळूच लावून घेऊन ती निघून गेली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यामुळे खोलीतल्या कुणाला काय करावं ते कळेना. सरांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि म्हणाले, "पुढचा कोण आहे?"

पुढच्या सोमवारी पाव आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चहाच्या टेबलावर पोरं एकमेकांकडे बघू लागली. विभागात काहीतरी बिघडलंय हे सगळ्यात आधी त्यांच्या पोटांना कळलं.

विभागप्रमुख हा सरांचाच जुना विद्यार्थी. सर खोलीत आले की अजूनही तो उठून उभा राही. त्या दिवशीही राहिला, आणि उभ्यानेच त्याने सरांना हुकूम सुनावला.

"सर, नवीन नियम झालाय. यापुढे प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला दोन गाईड असतील. आणि प्रत्येक गाईडने एक प्रशिक्षण घ्यायचं आहे. चार शनिवार."

"कसलं प्रशिक्षण?"

"गाईड कसं व्हावं याचं."

सर हसले. "मी तुला गाईड केलंय. तू या खुर्चीपर्यंत पोचलास. अजून कसला पुरावा पाहिजे?"

विभागप्रमुख टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सर, मी तुमच्याकडे पाच वर्षं होतो. त्यातली दोन वर्षं रोज सकाळी इमारतीच्या पायरीवर बसून आत यायचा धीर गोळा करत होतो. मी टिकलो. सगळे टिकत नाहीत. पाववाली गेली तर चौथी. मग वरून विचारणा होईल आणि तुम्हाला विद्यार्थी देणं माझ्या हातात राहणार नाही."

सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पायरीवर बसणारा हा मुलगा उन्हाला बसत असेल, असं त्यांना त्या काळी वाटलं होतं.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. ती दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना घराखालीच होता.

"या वयात मला बाराखडी गिरवायला बसवणार," सर म्हणाले.

"बसा की. काय बिघडतं?" ती भात वाढत म्हणाली. "माझ्या खुर्चीत बसलेल्याला मी तोंड उघडायला सांगते. तुमच्यासमोर बसलेला तोंड मिटून घेतो. आपल्या दोघांत काम कुणाचं अवघड, सांगा."

"हा काय विनोद झाला?"

"विनोद नाही. त्या पाववालीला फोन केलात का?"

"ती येईल."

"पहिल्या तिघांच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात, अहो," ती म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

प्रशिक्षण एका सभागृहात होतं. टेबलं बाजूला सारून खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, हेच सरांना आधी खटकलं. गोलात बसलं की पहिली रांग राहत नाही. शिकवणाऱ्या बाई एका रुग्णालयातून आल्या होत्या. वरिष्ठ सर्जन मंडळींना शिकाऊ डॉक्टरांशी कसं बोलावं हे त्या शिकवत. बाई ठेंगण्या, आवाज बारीक, पण बोलल्या की गोल शांत होत असे.

पहिल्या शनिवारी त्यांनी जोड्या लावल्या. एकाने स्वतःच्या कामातली न उलगडलेली गोष्ट सांगायची. दुसऱ्याने मध्ये काही विचारायचं नाही, मान हलवायची तर हलवायची, आणि शेवटी जे ऐकलं ते फक्त परत सांगायचं. मत द्यायचं नाही.

सरांच्या वाट्याला रसायनशास्त्राचे एक गोलमटोल प्राध्यापक आले. भिंतीवरचा रंग वाळताना त्याला भेगा कशा पडतात, यावर त्यांनी आयुष्य घालवलं होतं. ते रंगात येऊन बोलले. एका विशिष्ट जाडीपाशी भेगा अचानक दिशा बदलतात आणि ते का, हे त्यांना वीस वर्षं कळलेलं नाही, असं काहीतरी. सर ओठ मिटून बसले होते. वेळ संपल्याची खूण झाली.

"सांगा," बाई सरांना म्हणाल्या. "यांनी काय सांगितलं?"

"यांच्या मांडणीत तीन दोष आहेत," सर म्हणाले.

"दोष नकोत. त्यांनी काय सांगितलं?"

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की सांगायला काही नाही. तीनही आक्षेप त्यांच्यापाशी तयार होते, धार लावून, क्रमवार. पण ज्यावर आक्षेप घ्यायचा ते म्हणणं मात्र हातात नव्हतं. पहिल्या वाक्यालाच त्यांनी पहिला आक्षेप शोधला होता आणि पुढचं सगळं त्या आक्षेपाच्या आवाजात बुडून गेलं होतं.

"रंगाला भेगा पडतात," ते अखेर म्हणाले.

गोलमटोल प्राध्यापक मनापासून हसले. "एवढं तर माझ्या नातवालाही कळलंय."

मग सरांची पाळी आली. न उलगडलेली गोष्ट.  त्यांच्या कामात असं काही होतं का, हेच त्यांनी कित्येक वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं. मग त्यांच्या तोंडून पाववालीच्या बेकऱ्या बाहेर पडल्या. त्यांचं मॉडेल सांगतं की पीठ महागलं की आज ना उद्या भाव वाढेल. या बेकरीवाल्यांचे भाव वाढत नाहीत. पाव हलका होतो. तसं का व्हावं, आणि केव्हा व्हावं, याबद्दल मॉडेल काही बोलत नाही. पाच वर्षं ती हे पाव वजन करून समोर आणते आहे.

रसायनवाल्यांनी ते शब्दाला शब्द परत सांगितलं. वर काही जोडलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना सरांना ते स्वतःचंच बोलणं नवीन वाटलं, आणि फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या शनिवारच्या आधी सर वजनमाप खात्याच्या कार्यालयात गेले. पाववाली परत कामावर रुजू झाल्याचं त्यांना विभागाच्या कारकुनाकडून समजलं होतं. तिला बोलावून घ्यावं असं आधी त्यांच्या मनात आलं, पण ती आली नसती आणि मग आणखी लाज गेली असती. म्हणून ते स्वतः गेले.

लांबट खोली. कपाटांत वजनं चढत्या क्रमाने मांडलेली, मखमलीच्या खाचांत बसवलेली. बाकावर काटे मांडीवर घेऊन दुकानदार बसलेले. एका म्हाताऱ्या सोनाराने आपला नाजूक तराजू मूल धरावं तसा धरला होता. सर त्यांच्या शेजारी बसले. पलीकडे पाववाली एका मोठ्या काट्यावर वजन ठेवी, काटा स्थिर व्हायची वाट बघे, मग वजन काढून दुसऱ्या पारड्यात ठेवी आणि पुन्हा वाट बघे. घाई नाही. सोनाराने कुजबुजत विचारलं, "तुमचा काटा कुठाय?"

"मी नुसताच आलोय," सर म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्यांना पाहिलं.

"सर, तुम्ही इथे?"

"बोलायला आलो. म्हणजे..." सर अडखळले. "ऐकायला आलो. बसू का?"

ती डबा उघडत म्हणाली, "बसा. पण मी परत येणार नाही, सर. रजा रद्द करून घेतलीय. घरी सांगितलंय. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, पोरगी तुला विसरायला लागली होती."

'का' हा शब्द सरांच्या जिभेच्या टोकापर्यंत आला. त्यांनी तो गिळला. "बोल," ते म्हणाले.

ती बोलली. सलग नाही, कधी घास खात, कधी खिडकीबाहेर बघत. सरांनी दोनदा मध्ये तोंड घातलं, दोन्ही वेळा ती थांबली, आणि दोन्ही वेळा त्यांनी हाताने 'पुढे' अशी खूण केली. तिचं म्हणणं असं होतं. पाव हळूहळू हलका होत गेला असता तर काहीच अडचण नव्हती. पण तसं होत नाही. वजन महिनोन्महिने तेच राहतं आणि मग एकाएकी उतरतं. आणि एका भागातल्या जवळजवळ सगळ्या बेकऱ्यांचं एकाच आठवड्यात उतरतं. ज्यांचं एकमेकांशी वाकडं आहे, जे एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाहीत, त्यांचंही. हे का, ते तिला समजत नव्हतं.

"हे तू मला आधी का..." सर बोलून गेले आणि थांबले.

"पाच वेळा आणलं होतं, सर. तिसऱ्या प्रकरणात आहे. तुम्ही पहिल्यातच अडवायचात." तिच्या स्वरात राग नव्हता. काट्याचा आकडा वाचून दाखवावा तसं ती म्हणाली. "मला वाटायचं, यांना उत्तर माहीत असणार. आपणच मंद आहोत, म्हणून हे वैतागतात."

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

"काय?"

"एकाच आठवड्यात का उतरतं, मला माहीत नाही."

पाववालीने डब्यातून मान वर केली. पाच वर्षांत सरांच्या तोंडून हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. तिला बरं वाटलं की वाईट, हे तिलाही सांगता आलं नसतं. एवढं मोठं माणूस आपल्यासारखंच अडलंय म्हटल्यावर आधार वाटतो आणि थोडी भीतीही वाटते.

सुट्टी संपायला आली तेव्हा ती म्हणाली, "आठवड्यातून तीन दिवस येईन. इथे अर्धवेळ मागून बघते. पण एक अट आहे."

"सांग."

"मुख्य गाईड धाकट्या मॅडम पाहिजेत. तुम्ही दुसरे."

धाकट्या मॅडम म्हणजे विभागातल्या सगळ्यात नव्या प्राध्यापिका. वयाने पाववालीहूनही लहान. त्यांचं नाव अजून कुठे शिकवलं जात नव्हतं. सरांना हे लागलं. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला तसं सांगितलंही. पण तिथे, तिच्या डब्यासमोर बसून, ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे."

धाकट्या मॅडमची पद्धत वेगळी होती. दर गुरुवारी तिघांनी बसायचं. आधी पाववालीने बोलायचं, मग तिनेच तिच्या मनातल्या शक्यता सांगायच्या, आणि त्या संपेपर्यंत दोन्ही गाईडांनी आपल्या शक्यता खिशात ठेवायच्या. मॅडमच्या खोलीत दोनच धड खुर्च्या होत्या. सर स्टुलावर बसत.

पहिल्याच गुरुवारी पाववालीने वजनांचे आलेख पसरले. उतार खरोखर एका रेषेत होते. सरांना उत्तर तत्क्षणी दिसलं. सगळे एकाच वेळी वजन उतरवतात म्हणजे ठरवून उतरवतात. बेकरीवाल्यांची संघटना असणार. वरून भांडण, आतून गट्टी. त्यांच्या डोक्यात समीकरणं आपोआप मांडली जाऊ लागली.

"काय वाटतं?" धाकट्या मॅडमनी पाववालीला विचारलं.

"अजून काहीच नाही. फोटो परत एकदा बघते. इतके दिवस नुसती वजनंच बघत होते."

"बघ. पुढच्या गुरुवारी बोलू."

सर स्टुलावरून उठले. त्यांनी काही सांगितलं नाही.

तो आठवडा त्यांना फार जड गेला. सकाळी फिरायला गेले तरी संघटना, दाढी करताना संघटना. त्यांनी सगळं मॉडेल कागदावर उतरवून काढलं, नेटकं, चार पानांत. बायको म्हणाली, "एवढं सापडलंय तर सांगून टाका तिला. फोन आहे की घरात."

"नियम आहे. आधी ती."

"तुम्ही नियम कधीपासून पाळायला लागलात?"

सरांना तो उंच मुलगा आठवत होता.  त्यालाही त्यांनी असंच एका वाक्यात उत्तर दिलं होतं, आणि तेव्हाही त्यांना इतकीच खात्री होती.

पुढच्या गुरुवारी पाववाली फोटोंची चळत घेऊन आली. चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याचं दिसत होतं, पण चाल वेगळी होती.

"हे बघा," तिने फोटो जोडीजोडीने मांडले. "ही एक बेकरी, ही दुसरी. वजन उतरायच्या आधी दोघांच्या पावांची लांबी वेगवेगळी आहे. उतरल्यानंतर बघा. पट्टी बघा."

लांबी सारखी होती. रुंदीही. तिसऱ्या बेकरीची, चौथीचीही.

"कणीक हाताने कमी केली तर पाव बुटका होईल, लांबी तीच राहील. इथे लांबीच बदललीय. म्हणजे साचे बदललेत. मी जाऊन बघून आले. पत्र्याचे साचे, सगळ्यांच्या बुडाला एकच छाप. शहरात बहुतेकांना एकच कारखाना साचे पुरवतो. त्यांचा फिरता विक्रेता वर्षातून एकदा प्रत्येक भागात येतो, दोन-तीन मापं घेऊन. जुने साचे वाकलेले असतात, ते द्यायचे आणि नवे घ्यायचे. पीठ महाग असेल त्या वर्षी बहुतेक सगळे लहान माप उचलतात. एकमेकांना विचारायची गरजच नाही. तो एका आठवड्यात तो भाग उरकतो."

धाकट्या मॅडमनी दोन फोटो उचलून उजेडाला धरले. "आणि यांच्यात ठरवाठरवी नसेल कशावरून?"

"तेही बघितलं. त्यांची संघटना होती, ती कधीच भांडणात मोडली. खातं तेव्हा साक्षीला होतं. काट्यांवरूनच भांडण झालं होतं."

सरांचा हात कोटाच्या खिशात होता. आत चार पानं घडी करून ठेवली होती. ती त्यांनी तिथेच आणखी एकदा दुमडली. मागच्या गुरुवारी त्यांनी तोंड उघडलं असतं तर ही बाई आज मोडलेल्या संघटनेचा माग काढत फिरत असती. सरांचा शब्द म्हणून निदान सहा महिने तरी फिरली असती.  

"तुमच्या मॉडेलमध्ये दुकानदार रोज विचार करतो, सर," पाववाली त्यांच्याकडे वळून म्हणाली. "आज बदलू की उद्या. इथे तो वर्षातून एकदाच विचार करतो. विक्रेता दारात आला की."

हे त्यांच्या मॉडेलच्या मुळावर येणारं वाक्य होतं. सरांनी ते मनात परत एकदा म्हणून बघितलं. बरोबर होतं.

"एक विचारू?" त्यांनी धाकट्या मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली.

"ज्यांनी त्या वर्षी साचे बदलले नाहीत, जुनेच ठेवले, त्यांचं पुढे काय झालं?"

पाववालीने पेन उचललं.  "ते मी बघितलेलंच नाही," ती म्हणाली, आणि लिहू लागली. त्या प्रश्नातून तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण झालं. जुने साचे ठेवणाऱ्यांतल्या काहींचं दिवाळं निघालं आणि काहींकडे गिऱ्हाइकांची रीघ लागली. कुणाचं काय होणार ते गल्लीत दुसरी बेकरी किती लांब आहे यावर ठरत होतं. सरांचा तो प्रश्न चांगला होता, हे धाकट्या मॅडमनीही नंतर विभागप्रमुखाला सांगितलं. सरांनी ते कुणाकडून तरी ऐकलं आणि दिवसभर त्यांचा मूड बरा होता.

प्रशिक्षणाचे उरलेले शनिवार त्यांनी पुरे केले. त्यांचा स्वभाव पालटला असं कुणी म्हणणार नाही. सेमिनारमध्ये ते अजून पहिल्या रांगेत बसत, आणि एका पहिल्या वर्षाच्या मुलाला त्यांनी मधल्या काळात रडवलंही. फरक इतकाच, की संध्याकाळी ते त्याच्या टेबलापाशी गेले आणि उभे राहिले, आणि काय बोलावं ते न सुचून त्याला म्हणाले, "उद्या ये. सगळं सांग. मी बोलणार नाही." तो गेला. सर बोललेच, पण अर्ध्या तासानंतर.

पाववालीचा व्हायवा उन्हाळ्याच्या तोंडावर झाला. बाहेरच्या विद्यापीठातले दोन परीक्षक आले होते. व्हायवा खुला होता. मागच्या रांगेत तिची मुलगी आणि सासूबाई बसल्या होत्या, आणि सगळी पावखाऊ पोरं. आभाराच्या पानावर धाकट्या मॅडम पहिल्या, सर दुसरे. परीक्षकांनी एका आकडेमोडीवर तिला बरंच खेचलं, एक तक्ता पुन्हा करायला सांगितला, आणि मग दार लावून आत चर्चा करून पदवीची शिफारस केली. दूरच्या एका शहरात तिला शिकवायची नोकरी मिळण्याची चिन्हं होती. तिथे द्यायचं शिफारसपत्र तिने धाकट्या मॅडमकडे मागितलं होतं. सरांना वाईट वाटलं. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून त्यांनी केली नाही.

चहाच्या गर्दीत सर कप घेऊन खिडकीपाशी उभे होते. सासूबाई नातीचा हात धरून तिथे येऊन टेकल्या. पोरीच्या दुसऱ्या हातात बिस्किट होतं.

"तुम्ही इथलेच का?" त्यांनी विचारलं.

"हो. मी त्यांचा दुसरा गाईड."

"म्हणजे पहिल्या त्या मॅडम?"

"हो."

"लहान दिसतात."

"लहानच आहेत," सर म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. घरी ऐकलेला माणूस तो हाच की काय, असा विचार त्यांच्या मनात आला असावा, पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. नातीच्या तोंडाला लागलेला चुरा पदराने पुसत त्या म्हणाल्या, "मला यातलं ओ की ठो कळलं नाही. पण बोलत होती छान. घरी एवढं कधी बोलत नाही."

"इथेही बोलत नव्हती," सर म्हणाले.

"आता झालं ना एकदाचं सगळं? आता तरी वेळेवर घरी येईल?"

सरांनी पलीकडे बघितलं. पाववालीभोवती पोरांचा घोळका होता. एक मुलगी तिला काहीतरी सांगत होती आणि ती कप हातात तसाच धरून ऐकत होती. चहा केव्हाच निवून गेला असेल.

"नाही," सर म्हणाले. "आता तिला विद्यार्थी मिळतील."